हॉवर्ड हॉजकिन यांच्या चित्रांत भारत नेमका कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ब्रिटिश चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांच्यावर भारतीय लघुचित्रांचा मोठा प्रभाव होता, असे जिथे तिथे वाचायला मिळते. प्रत्यक्षात त्यांची चित्रे पाहिली, तर रंगाचे जाड फटकारे आणि ठिपके यांखेरीज काही दिसत नाही. ना राजे, ना नायिका, ना ती बारीक रेषा. मग हा प्रभाव शोधायचा तरी कुठे? आणि त्यांचा स्वतःचा प्रभाव पुढे कुणावर पडला?’ प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिने पुस्तकातल्या वाक्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवला, याचे मला समाधान वाटते.

गेली पंचवीसेक वर्षे मी तैलरंग शिकवतो आहे. या काळात ‘भारताच्या उष्ण रंगांनी भारावलेला चित्रकार’ हे हॉजकिन यांचे वर्णन मी इतक्यांदा ऐकले आहे की, आता ते कानांवर पडले की मला रंगवाल्याच्या दुकानाऐवजी सुताराची आठवण येते. त्यांच्या चित्रातला भारत रंगांत शोधायला गेले की अर्धवट काहीतरी हाती लागते. तो चौकटीत शोधला की सापडतो. हे एका वाक्यात सांगता येते, पण पटवून द्यायला थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

हॉजकिन यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३२ रोजी लंडनमध्ये झाला. युद्धाच्या काळात, १९४० ते १९४३, त्यांना अमेरिकेत लाँग आयलंडवर ठेवले होते आणि तिथे असतानाच न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातली चित्रे त्यांनी पाहिली. परतल्यावर ईटनच्या शाळेत कलाशिक्षक विल्फ्रिड ब्लंट यांनी त्यांना भारतीय लघुचित्रांची ओळख करून दिली आणि शाळकरी वयातच त्यांना ती जमवण्याचा नाद लागला. पुढे लंडनचे कॅम्बरवेल आणि कॉर्शमची बाथ अकॅडमी ऑफ आर्ट असे रीतसर शिक्षण झाले. प्रत्यक्ष भारतात मात्र ते प्रथम आले १९६४ साली, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या भारतीय विभागातले अभ्यासक रॉबर्ट स्केल्टन यांच्याबरोबर. म्हणजे देश पाहण्याच्या दीड-दोन दशके आधीपासून त्या देशाची चित्रे त्यांच्या हाताखालून जात होती. या क्रमाला महत्त्व आहे. येथील ऊन, साड्या आणि बाजार पाहून ते चकित झाले आणि मग रंगवू लागले, अशी जी गोष्ट सांगितली जाते, तिला हा क्रम आडवा येतो.

आता लघुचित्राची किनार पाहू. मुघल चित्रसंग्रहांत मूळ चित्र बहुधा लहान असते. ते मोठ्या पानावर चिकटवलेले असते, त्याभोवती सोनेरी आणि रंगीत रेघा ओढलेल्या असतात आणि त्यांच्या बाहेर रुंद हाशिया, म्हणजे समास असतो, ज्यावर कधी सोन्याचे शिंपण, कधी फुलांची झाडे, कधी शिकारीची दृश्ये असतात. हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतल्या पहाडी चित्रांत, विशेषतः बसोलीकडच्या, सपाट तांबडी किनार असते आणि चित्रातले झाड, महालाचा कळस किंवा एखाद्या पात्राचा पाय ती किनार सरळ ओलांडून बाहेर येतो. युरोपीय चित्रपरंपरेत सुताराने केलेली चौकट ही चित्राची हद्द असते: तिच्या आत चित्रकाराचे राज्य आणि बाहेर भिंत. आपल्याकडच्या लघुचित्रात किनार हा चित्राचाच भाग असतो. ती आतल्या दृश्याला मागे ढकलते, जवळ ओढते, कधी गुदमरवते आणि कधी त्याला वाट करून देते.

हॉजकिन यांनी नेमके हेच उचलले. १९७० च्या आसपास त्यांनी कॅनव्हास सोडून लाकडावर रंगवायला सुरुवात केली आणि चौकट लावून झाल्यावर तीही रंगवू लागले. पुष्कळदा ते जुन्या वापरलेल्या चौकटीच घेत. चित्राच्या मधोमध सुरू झालेला फटकारा चौकटीवर चढतो, किंवा चौकटीच्या चारही बाजूंनी जाड पट्टा फिरतो आणि त्याच्या आत आणखी एक पट्टा, आणि त्याच्याही आत, खोल तळाशी, एखादा निळा किंवा केशरी तुकडा लुकलुकतो. भावना जितकी क्षणिक, तितकी तिच्याभोवतीची चौकट अधिक भक्कम हवी, अशा अर्थाचे ते बोलत असत. एखादी नाजूक वस्तू खोक्यात पेंढा घालून ठेवावी तसे हे आहे. ही युक्ती त्यांना केवळ लघुचित्रांतून मिळाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि ते स्वतःही आपला संग्रह आणि आपली चित्रे यांच्यात असा सरळ धागा जोडायला फारसे राजी नसत. तरीही ज्याने कोवळ्या वयापासून हाशिये पाहिले, त्याला चौकट ही चित्राबाहेरची गोष्ट वाटणे अवघड होते, एवढे मी माझ्या जबाबदारीवर म्हणतो.

याला एक छान पुरावा आहे. १९७१ साली त्यांनी ‘इंडियन व्ह्यूज’ या नावाची बारा स्क्रीनप्रिंटची (जाळीच्या पडद्यातून छापलेल्या चित्रांची) मालिका केली. विषय काय, तर आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा भारत. ज्याने भुसावळच्या पुढे दुपारच्या उन्हात खिडकीला डोके टेकून प्रवास केला आहे, त्याला या मालिकेत काय आहे हे समजावून सांगावे लागत नाही: जाडजूड खिडकी जागच्या जागी घट्ट आणि आतला देखावा मात्र क्षणात येऊन जाणारा, जमिनीचा एक पट्टा, आभाळाचा एक पट्टा, मध्ये काहीतरी हिरवे. देवळे नाहीत, हत्ती नाहीत, माणसे नाहीत. पहिल्यांदा भारतात आलेल्या युरोपीय माणसाने जे जे टिपले असते, ते सगळे गाळून त्यांनी खिडकी ठेवली.

लाकडाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हे पुस्तकांतून नीट कळत नाही. कॅनव्हास ताणलेला असला तरी कुंचल्याखाली किंचित दबतो आणि परत वर येतो. हाताला त्याची सवय होते. लाकूड हलत नाही. रुंद कुंचला भरपूर रंग घेऊन लाकडावर टेकवला आणि एका दमात ओढला, की प्रत्येक केसाची रेघ जशीच्या तशी राहते, सुरुवातीला रंग दाट आणि शेवटाला विरळ होत जातो, आणि तो फटकारा एखाद्या वस्तूसारखा फळीवर बसतो. खालचा थर वाळलेला असेल तर वरच्या पातळ रंगातून तो काचेतून दिसावा तसा दिसतो. हॉजकिन यांच्या चित्रात जी खोली भासते, ती अशी थरांतून येते; छायाप्रकाशातून किंवा यथार्थदर्शनातून येत नाही.

तरुणपणी मी स्वतः हा प्रयोग अगदी उत्साहाने केला होता. सहा मिलिमीटरचे प्लाय आणले, मागे पट्ट्या मारल्या नाहीत, मागची बाजू बंद केली नाही, पुढच्या बाजूला मात्र अस्तराचे, म्हणजे रंगाआधीच्या लेपाचे, तीन हात दिले आणि भर जूनमध्ये रंगवायला बसलो. ऑगस्ट संपेपर्यंत त्या चित्राचा पापड झाला होता; चौकट एका कोपऱ्यात उघडली आणि तिथला रंग तडकला. चूक सर्वस्वी माझी होती. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो की, लाकडावर काम करायचे असेल तर फळी जाड घ्या, दोन्ही बाजूंना सारखेच अस्तर द्या आणि कोकणातली हवा विसरू नका.

मग रंगांचे काय, असा प्रश्न राहतोच. रंग आहेत, भडकही आहेत, आणि त्यांतले काही मुंबईच्या संध्याकाळीच दिसतात असे मलाही वाटते. १९७२-७३ च्या ‘बॉम्बे सनसेट’सारखे चित्र तर नावासकट तेच सांगते. परंतु त्यांच्या रंगांची वंशावळ पाहिली तर ती पॅरिसला, व्युइयार, बोनार, मातीस या फ्रेंच चित्रकारांकडे जाते. व्युइयारच्या खोल्यांत भिंतीवरचा नक्षीकागद आणि बाईच्या अंगातला झगा एकमेकांत मिसळतात, माणूस शोधून काढावा लागतो. हॉजकिन यांचे ठिपके मला त्या भिंतींवरून आलेले वाटतात. शिवाय स्वतः मातीस १९१० साली म्युनिकला इस्लामी कलेचे भव्य प्रदर्शन पाहायला गेले होते आणि पौर्वात्य चित्रांतल्या सपाट रंगांचा त्यांनी आपल्या परीने उपयोग करून घेतला होता. म्हणजे पूर्वेकडचा रंग हॉजकिन यांच्याकडे एकदा थेट आला आणि एकदा पॅरिसचे पाणी पिऊन आला. ‘भारतीय रंग’ असे एकच लेबल लावले की हा सगळा प्रवास पुसला जातो.

दुसरा मोठा गैरसमज असा की हॉजकिन अमूर्त चित्रकार होते. ते आयुष्यभर याला नकार देत राहिले. आपण प्रातिनिधिक चित्रे काढतो, पण बाह्य रूपाची नव्हे तर भावनिक प्रसंगांची, असे त्यांचे म्हणणे होते. हे नुसते शब्दांचे खेळ नाहीत. त्यांच्या ‘डिनर ॲट स्मिथ स्क्वेअर’ या १९७५-७९ च्या, आता लंडनच्या टेट संग्रहालयात असलेल्या चित्रात जेवणाच्या टेबलाशी बोलत बसलेले दोन जुने मित्र आहेत आणि त्यांच्या वरती भिंतीवर बोनारचे एक लहान चित्र आहे. हे कळल्यावर पुन्हा पाहिले की डावीकडचा आणि उजवीकडचा आकार एकमेकांकडे झुकतात, आणि मधली जागा संभाषणाने भरलेली वाटू लागते. १९४९ साली, सतराव्या वर्षी काढलेल्या ‘मेमॉयर्स’ या चित्रातही हीच मांडणी आहे: कोचावर पहुडलेली बाई बोलते आहे आणि कोणीतरी ऐकते आहे. तिथे आकृत्या स्पष्ट आहेत. पुढच्या तीस वर्षांत त्या वितळत गेल्या, पण ‘मी त्या खोलीत होतो आणि मला असे वाटले’ हा चित्राचा विषय बदलला नाही.

मराठी वाचकाला हे समजण्यासाठी वासुदेव गायतोंडे यांची तुलना उपयोगी पडते. नागपूरला जन्मलेले आणि जे. जे. मध्ये शिकलेले गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्याऐवजी वस्तुनिरपेक्ष म्हणणे पसंत करत. त्यांच्या कॅनव्हासपुढे उभे राहून ‘हे कुणाचे जेवणघर?’ असे विचारणे मूर्खपणाचे ठरेल, आणि त्यांची बहुतेक चित्रे नावाशिवायच आहेत. हॉजकिन यांच्याकडे याच्या नेमके उलट आहे. त्यांची नावे म्हणजे पत्ते आहेत: ‘मिसेस ॲक्टन इन दिल्ली’, ‘इन द स्टुडिओ ऑफ जामिनी रॉय’, ‘फ्रॉम द हाउस ऑफ भूपेन खख्खर’. गायतोंडे यांनी आठवण गाळून चित्र उरवले. हॉजकिन यांनी आठवणीवर थरावर थर चढवत तिचे चित्र केले. पृष्ठभाग दोघांचाही हळूहळू, संयमाने तयार झालेला. पण एकाची दिशा बाहेर जाण्याची आणि दुसऱ्याची सतत मागे वळण्याची.

हा संयम त्यांच्या चित्रांखालच्या तारखांत दिसतो. टेटमधले ‘रेन’ हे चित्र १९८४ ते १९८९ असे पाच वर्षांचे आहे. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमजवळ, पूर्वी दुग्धशाळा असलेल्या इमारतीत त्यांचा स्टुडिओ होता. तिथे अपुऱ्या चित्रांसमोर पांढरे, रिकामे मोठे कॅनव्हास पडद्यांसारखे उभे केलेले असत. एकावेळी ज्या चित्राचा विचार चालू असेल तेवढेच उघडायचे, पाहायचे आणि बहुधा काही न करता पुन्हा झाकायचे. महिनोन्महिने बघत राहायचे आणि मग काही सेकंदांत एक फटकारा मारायचा. २००७-०९ च्या ‘लीफ’ या चित्रात तर उघड्या लाकडावर हिरव्या रंगाचा एकच वळलेला फटकारा आहे. तो मारायला किती वेळ लागला असेल हे कोणीही सांगू शकेल. पण चित्राखाली तारखा दोन वर्षांच्या आहेत. माझ्या वर्गात हे चित्र दाखवले की कुणीतरी हमखास म्हणते, ‘सर, हे तर मीपण करीन.’ मी फळी आणि कुंचला पुढे करतो. दुपारपर्यंत वीस-पंचवीस हिरवे फटकारे होतात आणि त्यांपैकी एकही पान होत नाही.

मुलांना मी आणखी एक काम देतो, तेही इथे सांगून ठेवतो. लघुचित्राची चांगली छापील प्रत घ्यावी, तिच्यावर पारदर्शक कागद ठेवावा आणि आतले सगळे तपशील सोडून फक्त किनारीच्या पट्ट्या, त्यांच्या जाडीचे एकमेकांशी प्रमाण आणि आतले चार-पाच मोठे रंगाचे भाग उतरवावेत. त्यानंतर शेजारी हॉजकिन यांचे एखादे १९७५ ते १९९० च्या दरम्यानचे चित्र ठेवून पाहावे. दोन्हींत आतला भाग एकूण क्षेत्रफळाच्या मानाने किती लहान ठेवला आहे, हे लक्षात आले की अर्धे उत्तर मिळते.

उरलेले अर्धे उत्तर आकारात आहे. लघुचित्र भिंतीवर टांगायचे नसते. ते हातात धरून, मांडीवर ठेवून, एका वेळी एकाने पाहायचे असते. हॉजकिन यांची सर्वोत्तम चित्रे, निदान माझ्या दृष्टीने, एका हातभर लांबीच्या आतली आहेत. त्यांच्याजवळ जावे लागते. नंतरच्या काळात त्यांनी फार मोठ्या फळ्याही रंगवल्या. त्यांतल्या काही भारावून टाकतात, पण काहींत फटकारा नुसताच मोठा झालेला दिसतो आणि आतले गुपित निघून गेलेले असते. हे मत सर्वांना मान्य होणार नाही याची मला कल्पना आहे. १९८४ साली व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले, तेव्हा दालनाच्या भिंती फिकट हिरव्या रंगवून घेतल्या होत्या आणि त्यांवर बहुतेक लहान चित्रे दूर दूर टांगली होती. त्या प्रदर्शनाने त्यांचे नाव जगभर झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांना टर्नर पुरस्कार हा ब्रिटनमधला नावाजलेला कलापुरस्कार मिळाला. भिंतीचा रंगसुद्धा हाशियाच होता, असे म्हणायचा मोह होतो.

त्यांच्या संग्रहाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण तो स्वतंत्रपणे मोठे काम आहे. मुघल, दख्खनी, राजपूत आणि पहाडी अशा सगळ्या शैलींतली चित्रे आणि रेखाटने त्यांनी सहा दशके जमवली. हत्तींचे त्यांना विलक्षण वेड होते आणि राजस्थानातल्या कोट्याकडची हत्तींची रेखाटने या संग्रहाचे भूषण आहेत. चित्र कोणत्या ग्रंथातले, कोणत्या राजाचे, यापेक्षा ते डोळ्यांना कसे वाटते यावर ते निवड करत. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने वाघ मारल्याचे सतराव्या शतकातले एक अप्रतिम चित्रही त्यांच्याकडे होते. हाच तो आदिलशहा, ज्याच्या दरबारातून अफझलखान प्रतापगडाकडे निघाला. आपण त्याला बखरींतून ओळखतो, हॉजकिन यांनी त्याला केवळ रंग आणि आकार म्हणून ओळखले. २०१२ साली ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात हा संग्रह दाखवला गेला आणि त्याचा मोठा भाग त्यांच्या मृत्यूनंतर, २०२२ साली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने घेतला. ज्यांना तिथे जाणे शक्य नाही त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे असलेल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या अहमदनगरच्या निजामशाहीतल्या सचित्र पोथीच्या छापील प्रतिमा तरी पाहाव्यात. दख्खनी चित्रकार सोने आणि जांभळा शेजारी शेजारी कसे ठेवतो हे त्यांत कळते.

भारतात राहून त्यांनी केलेले काम म्हणजे १९७८ ची ‘इंडियन लीव्ह्ज’ मालिका. अहमदाबादच्या साराभाई कुटुंबाकडे पाहुणे असताना, हातकागद नुकताच तयार होऊन ओला असतानाच त्यावर कापड रंगवायच्या रंगांनी त्यांनी ही चित्रे केली. तैलरंगात पाच-पाच वर्षे घालवणाऱ्या माणसाने इथे स्वतःला वेळच ठेवला नाही. ओला कागद रंग पिऊन टाकतो आणि दुरुस्ती अशक्य असते. खिडक्या, ताडाची झाडे, सूर्य, पाण्याचे पट्टे असे अगदी साधे आकार आहेत आणि बहुतेकांना किनार आहेच. माझा असा कयास आहे की त्यांच्या उत्तरायुष्यातली ‘लीफ’सारखी, एका श्वासात झालेली चित्रे या कागदांवाचून संभवली नसती.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो: त्यांचा प्रभाव कुणावर पडला? इथे मला थोडा विरस करावा लागेल. दृश्य शैलीच्या बाबतीत त्यांचे अनुयायी शोधू नयेत. जे सापडतात ते बहुधा वाईट असतात. रंगवलेली चौकट आणि जाड ठिपके यांची नक्कल अगदी सोपी आहे, आणि त्यांच्या मागची खोली, ती माणसे, ते जेवण नसेल तर उरते ती सजावट. त्यांचा खरा परिणाम माणसांमार्फत झाला आणि त्यांत सर्वांत महत्त्वाचे नाव चित्रकार भूपेन खख्खर यांचे आहे.

खख्खर मूळचे मुंबईचे, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, १९६२ साली बडोद्याला गेलेले. हॉजकिन यांच्याशी त्यांची मैत्री सत्तरच्या दशकातली. १९७९ साली खख्खर बाथ अकॅडमीत शिकवायला गेले आणि विल्टशरमध्ये हॉजकिन यांच्याकडे राहिले. त्या मुक्कामाच्या खुणा त्यांच्या ‘मॅन इन पब’सारख्या चित्रांत आहेत: धूसर, एकट्या, थंडीने आखडलेल्या इंग्रज माणसांची चित्रे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पुरुष एकमेकांबरोबर उघडपणे संसार करू शकतात हे त्यांनी तिथे पाहिले, आणि या अनुभवाने आपल्याला धीर दिला हे त्यांनी पुढे मोकळेपणी सांगितले. १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ मध्ये गच्चीवर उभा असलेला नग्न माणूस खाली चाललेली बाप, लेक आणि गाढव यांची गोष्ट पाहतो आहे. त्या चित्रात हॉजकिन यांचा एकही फटकारा नाही, एकही ठिपका उसना नाही, तरी हॉजकिन भेटले नसते तर ते चित्र त्या वर्षी झाले असते का, याची मला शंका आहे.

त्याच वर्षी चित्रकार विवान सुंदरम यांनी ‘पीपल कम अँड गो’ हे चित्र रंगवले. त्यात बडोद्याच्या घरात खख्खर आहेत आणि पाहुणे म्हणून हॉजकिनही आहेत. दुसऱ्यांच्या खोल्यांत आपण कसे बसलो होतो हे आयुष्यभर रंगवणारा माणूस इथे स्वतःच दुसऱ्याच्या चित्रात, दुसऱ्याच्या खोलीत बसला आहे. हा काळ ‘प्लेस फॉर पीपल’ या १९८१ साली मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत आणि दिल्लीत झालेल्या प्रदर्शनाचा. त्यात खख्खर आणि सुंदरम यांच्याबरोबर गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, जोगेन चौधुरी आणि आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धन होते. प्रामाणिकपणे सांगायचे तर आकृती आणि कथन यांकडे परत वळलेल्या या मंडळींच्या शैलीशी लंडनचे चित्रकार आर. बी. किटाज अधिक जवळचे होते; हॉजकिन यांची भूमिका मित्राची आणि दार उघडून देणाऱ्याची होती. १९८२ साली टेटमध्ये ‘सिक्स इंडियन पेंटर्स’ हे प्रदर्शन झाले, त्यामागे कलासमीक्षक गीता कपूर यांच्यासह हॉजकिन होते. रवींद्रनाथ, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, हुसेन, के. जी. सुब्रमण्यन आणि खख्खर हे सहा चित्रकार त्यात होते. लंडनच्या अशा संस्थेत आधुनिक भारतीय चित्रकला तेव्हा क्वचितच दिसे. खख्खर यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन टेट मॉडर्नमध्ये व्हायला मात्र २०१६ साल उजाडावे लागले.

हॉजकिन शेवटपर्यंत भारतात येत राहिले, आणि अखेरच्या वर्षांत हिवाळा मुंबईत काढून तिथेच रंगवत. २०१७ च्या सुरुवातीलाही ते मुंबईत काम करत होते. ९ मार्च २०१७ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले. त्याच उन्हाळ्यात वेकफिल्डच्या हेपवर्थ संग्रहालयात ‘पेंटिंग इंडिया’ हे प्रदर्शन भरले.

पण त्यांच्या चित्रांतला भारत पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत आहे, १९९२ सालची. तिचा संपूर्ण दर्शनी भाग हॉजकिन यांनी केलेला आहे: मकराण्याचा पांढरा संगमरवर आणि काळा कडप्पा, बस्स. रंगासाठी ज्यांची ख्याती, त्यांनी भारतात आपले सर्वांत मोठे काम करताना रंग पूर्णपणे बाजूला ठेवला. समोरून पाहताना एका प्रचंड वटवृक्षाचा विस्तार दिसतो. फांद्या आणि सावल्या भिंतीवर पसरतात, आत वळतात, कोपऱ्यांवर चढतात. कोरिया यांनी इमारतीला मोठी उघडी तोंडे ठेवली आहेत, त्यांतून आतले अंगण आणि त्यामागचे एकामागून एक टप्पे दिसतात, आणि झाड त्या पोकळीच्या कडेने वाढत जाते. पट्ट्याच्या आत पट्टा आणि मध्ये खोलवर उजेडाचा तुकडा, ही हॉजकिन यांची जुनी मांडणी इथे इमारतीएवढी झाली आहे. सकाळी दहाच्या सुमारास समोरच्या पदपथावरून पाहावे. त्या वेळी रस्त्यावरच्या खऱ्या झाडांची सावली भिंतीवरच्या दगडी सावलीत मिसळते आणि कुठली कोणाची, हे काही क्षण ओळखता येत नाही.